बासष्ट पावलं

त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे तोफवाली म्हणत. कारण तिच्या खांद्यावरच लोंबत असे: दोनशे ते सहाशेची झूम लेन्स, पांढरी, हातभर लांब आणि वजनाला तान्ह्या पोराएवढी. वीस वर्षं असली धुडं वाहून बाईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरला होता. ती जिना चढून आली की क्रीडा पानावरचा एकजण हटकून म्हणायचा, "पळा रे, तोफ आली." तीही हसायची. हाताची पक्की होती, तोंडाची फटकळ होती, आणि आपल्याइतकं हे काम कोणाला येत नाही हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

अशी लेन्स लांबचं जवळ आणते, एवढं कुणालाही माहीत असतं. ती आणखी एक उद्योग करते, तो मात्र हे काम करणाऱ्यांनाच माहीत असतो. एकामागे एक असलेल्या दोन गोष्टींमधली जागाच ती गिळून टाकते. मधे अख्खं अंगण असो नाहीतर मैदान, चित्रात ती दोन माणसं एकमेकांना खेटून उभी. तोफवाली नव्या पोरापोरींना शिकवताना हे पहिल्या दिवशी सांगायची. म्हणजे तिला हे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही. गोष्ट पुढे सांगण्याआधी हे बोलून टाकलेलं बरं.

गाद्यांच्या कारखान्याला आग लागली ती भर दुपारी. फोम पेटायला वेळ लागत नाही. फायर ब्रिगेडची गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकली होती, पोलिसांनी रस्ता बंद केला होता, आणि बाकीच्या पेपरांचे फोटोग्राफर दोरीपाशी एकमेकांच्या पायावर पाय देत उभे होते. तोफवाली तिथे मिनिटभरही थांबली नाही. मागच्या बाजूने दातांच्या दवाखान्याच्या इमारतीत घुसली, चार मजले चढली आणि गच्चीवर गेली. कठड्यावर लेन्स टेकवली आणि झूम शेवटच्या टोकापर्यंत फिरवली.

बाहेरचं फाटक सताड उघडं होतं. फाटकात वॉचमन उभा होता, गल्लीकडे तोंड करून. उजव्या हातात चाव्यांचा जुडगा. त्याच्या मागे लांबलचक अंगण, आणि अंगणाच्या पार त्या टोकाला पॅकिंग खात्याचं सरकतं जाळीचं दार. दाराला कुलूप होतं. जाळीतून हात बाहेर आले होते, आणि हातांमागे चेहरे होते, बायकांचे. लेन्समधून बघताना ते हात वॉचमनच्या खांद्याला लागत होते.

मधेच धूर आडवा येत होता. तोफवालीने लेन्सचं छिद्र बारीक केलं, वॉचमन आणि जाळी दोन्ही कोरून काढल्यासारखे स्वच्छ यावेत म्हणून. छिद्र मोठं ठेवलं असतं तर मागची जाळी जराशी पुसट झाली असती, आणि बघणाऱ्याला निदान शंका तरी आली असती की मधे अंतर आहे. मग ती तीन पावलं डावीकडे सरकली, कारण वॉचमनच्या डोक्याआड एक चेहरा झाकला जात होता. धूर बाजूला झाला आणि तिने बटण दाबून धरलं. एका दमात नऊ फ्रेम. धूर पुन्हा आला, आणि तो गेला तेव्हा जाळीतून एकही हात बाहेर नव्हता.

सहा जणी गेल्या. तोफवाली गच्चीवरच खाली बसली आणि भडाभडा ओकली. दगडाची नव्हती हो ती. पण ओकून झाल्यावर तोंड पुसलं आणि कार्ड घेऊन कचेरीकडे सुटली, कारण पान छपाईला सोडायची वेळ कुणासाठी थांबत नाही.

कचेरीत तिने नऊच्या नऊ फ्रेम पडद्यावर लावल्या. आठ फ्रेममध्ये वॉचमन ओरडत होता. तोंड वासलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या, डावा हात गल्लीकडे हलवून तो गाडीला बोलावत होता. पाचव्या फ्रेममध्ये मात्र तोंड मिटलेलं होतं. हात खाली आला होता. माणूस ओरडता ओरडता श्वास घ्यायला थांबतो ना, तेवढाच तो क्षण. पण कागदावर तो चेहरा शांत दिसत होता. चांगला निवांत दिसत होता, आणि त्याच्या खांद्यामागे सहा जणींचे हात.

तिचं बोट पाचवीवर थांबलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. संपादक तर मागाहून आले. "बाप रे," एवढंच म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. वरचं छप्पर, खालचा रस्ता, सगळं कापून वॉचमन आणि जाळीपुरता फोटो उरला.

"सर, मधे अंतर आहे बरं का," तोफवाली म्हणाली.

"फोटोखाली एक ओळ टाकू."

ती ओळ तिने लिहिलीसुद्धा. रात्रपाळीच्या उपसंपादकाने जागा कमी पडली म्हणून काढून टाकली. सकाळी पहिल्या पानावर मथळा होता: 'चावी हातात, पाठ फिरवलेली.' पुढे कितीतरी दिवस तोफवाली स्वतःला बजावत राहिली की आपण बोललो होतो, आपण ओळही लिहिली होती. आता असल्या बोलण्याला काय अर्थ आहे? अर्धं वाक्य पुटपुटायचं आणि ऐकलं गेलं नाही की मनातून सुटल्यासारखं वाटायचं, हा धंदा आपण सगळेच करतो.

घरी आईने चष्मा लावून पेपर उघडला आणि कितीतरी वेळ त्या पानावरून नजर हलवली नाही. नवरा गेल्यापासून म्हातारी लेकीकडेच होती, आणि लेकीचा प्रत्येक फोटो कापून वहीत चिकटवायची.

"काय गं हा माणूस," आई म्हणाली. "एक हात मागे केला असता तर कुलूप उघडलं असतं. याला आईबहीण नाही का?"

"आई, चहा गार होतोय," तोफवाली म्हणाली.

सख्ख्या आईला जे सांगितलं नाही, ते मग बाहेर कुणाला सांगणार?

वॉचमनला त्याच संध्याकाळी धरलं. मालकाने दोन वाक्यांचं निवेदन काढलं की चाव्या वॉचमनकडे होत्या, आणि पुढचं सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलंच आहे. सुपरवायझरने त्याचीच री ओढली. लोकांना माणूस मिळाला होता, चेहऱ्यासकट. त्याच्या गल्लीत कोणीतरी तो फोटो त्याच्या दारावर डकवला. वर्ष संपता संपता फोटोग्राफरांच्या संघटनेने तोफवालीला पहिलं बक्षीस दिलं. टाळ्या वाजत होत्या तेव्हा ती व्यासपीठाच्या फळ्या मोजत होती.

त्यानंतर आठवड्याभरातच वॉचमनची बायको कचेरीत आली. एका शाळेत साफसफाईचं काम करणारी, ठेंगणी, अंगाने वाळलेली बाई. हातात कापडी पिशवी, पिशवीत घडी घातलेला तो पेपर. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"ताई, हा फोटो तुम्हीच काढलाय ना?"

"हो."

"मी कारखान्यात जाऊन आले. आता तिथे कोणी अडवत नाही. फाटकापासून जाळीपर्यंत चालून बघितलं. बासष्ट पावलं भरली. माझी पावलं लहान आहेत, तुमची कमी भरतील." तिने पेपर टेबलावर उलगडला. "तुमच्या फोटोत त्यातलं एकही नाही."

तोफवालीने पेपराच्या घड्या बोटाने सपाट केल्या.

"त्यांच्याकडे जाळीची चावी नव्हतीच," बायको म्हणाली. "ती सुपरवायझर खिशात घालून हिंडायचा. वेळेआधी कोणी घरी पळू नये म्हणून पाळी सुरू झाली की कुलूप लावायचा. त्या दिवशी तो जेवायला बाहेर गेला होता. हे कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे, पण सगळे आता त्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यात कामाला लागलेत. कोण बोलणार? यांच्या हातात होत्या त्या फाटकाच्या आणि मीटरच्या खोलीच्या चाव्या. फाटक उघडून गाडीला हाका मारत होते. मागे कोणी अडकलंय हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना वाटलं सगळ्या मागच्या जिन्याने गेल्या." ती दम घ्यायला थांबली. "तुम्ही एकच फोटो काढला असेल असं नाही ना, ताई? बाकीचे असतील."

होते. वरच्या खणात, हार्ड डिस्कवर, आठच्या आठ. टेबल आणि खण यांत वीतभर अंतर होतं.

"न छापलेले फोटो बाहेर द्यायचे नाहीत असा आमच्याकडे नियम आहे," तोफवाली म्हणाली. "मला विचारावं लागेल."

नियम खराच होता. उद्या पोलिसांनी, पुढाऱ्यांनी येऊन पेपरचे फोटो मागू नयेत म्हणून केलेला चांगला नियम. तोफवाली त्याच्या आड जाऊन उभी राहिली.

"बरं. विचारून ठेवा," बायको म्हणाली. "जामिनावर सुटून आलेत, पण जेवत नाहीत की बोलत नाहीत. तेवीस तारखेला त्यांचा जबाब आहे. तोवर मिळाले तर बरं होईल."

तोफवालीने विचारलं, नाही असं नाही. संपादकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "चौकशीत काय ते निघेलच. आपण आपलाच फोटो खोटा म्हणायचा का? आणि तो खोटा आहे का? एक रेष तरी वाढवलीस तू?"

"नाही."

"मग झालं तर."

आणि तिलाही तेच हवं होतं, हे कबूल करायला पाहिजे. आठ फ्रेम बाहेर काढल्या की लोक पहिलं विचारणार ते हेच, की बाई, मग तुम्ही पाचवीच का निवडलीत? बावीस तारखेला ती एका फुटबॉल सामन्याला गेली, तेवीसला दुसऱ्या. चोवीसच्या अंकात आतल्या पानावर चार ओळी आल्या: वॉचमनने कुलूप न उघडल्याचं कबूल केलं, जबाबावर सही केली. मालक आणि सुपरवायझर यांच्यावर ठपका ठेवण्याजोगं काही नाही, असं चौकशी अधिकाऱ्यांचं मत.

त्या चार ओळी तिने उभ्याउभ्या दोनदा वाचल्या. ज्याने केलंच नाही त्याने कबूल कसं केलं? मारलं असेल? धमकावलं असेल? तिने खण उघडला, आठ फ्रेम मोठ्या कागदावर छापून घेतल्या, लेन्स खांद्याला लावली आणि कुणाला न विचारता बाहेर पडली.

वॉचमनचं घर एका लांब सरळ गल्लीच्या तोंडाशी होतं. एकच खोली, खाट, शिवणयंत्र, भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची. तो खाटेवर बसला होता. फोटोतल्यापेक्षा निम्मा झाला होता. बायकोने तोफवालीला दारात पाहिलं आणि तिचा चेहरा कोरा झाला. "आज पेपरात आलं, आणि आज तुम्ही आलात," एवढंच म्हणाली आणि वाटेतून बाजूला झाली.

"तुम्हाला कोणी मारलं का?" तोफवालीने बसायच्या आधीच विचारलं.

"नाही हो, मॅडम." वॉचमनचा आवाज अगदी साधा होता. "फार सभ्य होते साहेब. फोटो समोर ठेवला. म्हणाले, हे तुम्हीच ना? म्हटलं हो. हातात चाव्याच ना? हो. मागे त्याच ना? हो. आता सांगा, यात मी नाही कुठे म्हणू?"

"पण तुम्ही तिथे नव्हता. तुम्ही फाटकाशी होता."

"आधी मलाही तसंच वाटायचं." त्याने गुडघ्यावरचे हात उलटेपालटे करून पाहिले. "पण रोज तो फोटो बघतोय. दारावर लावलेला होता, तो मीच काढून आत आणला. आता सगळं आठवतं. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता. एकीने सदऱ्याला धरलं होतं मागून. आणि मी वळलो नाही."

बायको शिवणयंत्राला धरून उभी राहिली. "रोज हेच चाललंय," ती म्हणाली. "मी मोजलेली पावलं सांगते, तर म्हणतात, तू कुठे होतीस तिथे."

तोफवालीला बोलून काही होणार नाही हे कळलं. तिने वॉचमनला हाताला धरून दारात आणलं. गल्लीच्या मध्यावर नळ होता. "ताई, तुम्ही नळापाशी जाऊन उभ्या राहा," ती बायकोला म्हणाली. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, नळाच्या कितीतरी पलीकडे, एक लोखंडी जिना होता आणि जिन्यावर एक म्हातारा पेपर वाचत बसला होता. तोफवालीने घडीची खुर्ची दारात उघडून तिच्या पाठीवर लेन्स टेकवली, शेवटपर्यंत झूम केलं आणि वॉचमनला म्हणाली, "यातून बघा."

त्याने डोळा लावला. बराच वेळ बघत राहिला.

"तो म्हातारा हिला खेटून बसलाय," तो म्हणाला.

"आता डोळा काढा आणि तिथवर चालत जा. ताईंपासून त्या म्हाताऱ्यापर्यंत. मोजत जा."

तो गेला. पाय घासत, ओठ हलवत. बायकोपाशी क्षणभर थांबला, पुढे गेला, म्हाताऱ्यापर्यंत पोहोचला, आणि तसाच परत आला. येताना त्याच्या चेहऱ्यात काहीतरी बदललं होतं. त्याने पुन्हा एकदा लेन्सला डोळा लावला, मग आपल्या मानेवरून मागून हात फिरवला.

"सत्तर," तो म्हणाला. "सत्तर पावलं आहेत, आणि यातून एकही दिसत नाही."

"म्हणजे तुम्ही तिथे नव्हताच," तोफवाली म्हणाली आणि तिला रडू आलं. तिने पिशवीतून आठ फोटो काढून खाटेवर मांडले. "हे बघा. तुम्ही ओरडताय. इथे हात हलवताय. इथेही. सोमवारी वकिलाला घेऊन जाऊ, जबाब मागे घेता येतो. मी येते बरोबर. ही लेन्स घेऊन येते. चूक माझी आहे हे मी सांगते."

बायको धावत आत आली. फोटो पाहून तिने तोंडावर पदर धरला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या बाजूने कोणीतरी बोललं होतं.

वॉचमन एकेक फोटो हातात घेऊन बघत होता. "तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं. रागाने नाही. वेळ विचारावी तसं.

वाटेत येताना तिने याची पाचसहा उत्तरं तयार केली होती. "बटण दाबायच्या आधीपासून," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. बायकोने मात्र तिच्याकडे असं पाहिलं की तोफवालीला खाली बघावं लागलं.

"मग तुम्हाला आणखी एक माहीत असेल," वॉचमन म्हणाला. त्याने सातवा फोटो तिच्यापुढे धरला. "तुम्ही यातून इतकं नीट बघत होता. या बायका कुणाकडे बघतायत?"

तिला उत्तर द्यायला फोटोची गरज नव्हती. सहाही चेहरे तिने त्या दिवशी जितके जवळून पाहिले होते, तितके कुणीच पाहिले नव्हते. अंगणात दुसरं कोणी नव्हतंच. हात जाळीतून ज्या दिशेला आले होते, तिकडे एकच माणूस उभा होता. खोटं बोलावं, असं तिच्या मनात आलं. आगीकडे, म्हणावं. गाडीकडे, म्हणावं. एक शब्द पुरला असता, आणि माणूस उठून सोमवारी वकिलाकडे आला असता. पण खोटं एकदा या घरात तिनेच आणून सोडलं होतं. दुसरं आणायला तिची जीभ उचलेना.

"तुमच्याकडे," ती म्हणाली.

"हाका मारत होत्या."

"हो."

"आणि मी इतक्या जोरात ओरडत होतो की मला ऐकू आलं नाही."

"तुमच्याकडे चावी नव्हती हो," बायको त्याचा दंड धरून म्हणाली. "वळला असता तरी काय केलं असतं?"

"निदान वळलो तरी असतो," वॉचमन म्हणाला.

त्याने आठही फोटो गोळा केले, कडा जुळवल्या आणि तोफवालीच्या हातात दिले. मग म्हणाला, "सोमवारी येऊ नका. सही आहे तशी राहू दे."

बायको त्याच्या पायाशी बसून त्याला हलवत राहिली, मालकाचं नाव घेऊन, सुपरवायझरचं नाव घेऊन, पोटच्या पोरीची शपथ घालून. तो तिच्या डोक्यावर हात ठेवून बसला होता आणि उघड्या दारातून गल्लीकडे बघत होता. तोफवाली फोटो धरून तशीच उभी राहिली. तिला जा असं कोणी म्हटलं नाही, आणि थांब असंही कोणी म्हटलं नाही.